आधी तो रकाना खोडा

बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याची कारणं दिली होती. धर्म, जातिव्यवस्था, सामाजिक प्रतिष्ठा, आणि त्यांच्याच रांगेत 'कुरूपता'. मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर तिचं लग्न जमणं अवघड, मग वरपक्ष जास्त हुंडा मागतो आणि हतबल आईबाप तो देतात, असा एकूण मथितार्थ. महाराष्ट्र राज्य मंडळाचं हे पुस्तक २०१३ पासून वर्गावर्गांत शिकवलं जात होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यावरून गदारोळ झाला, शिक्षणमंत्र्यांनी तो भाग वगळण्याचं आश्वासन दिलं आणि विषय मिटला.

आमच्या मते तो असा मिटायला नको होता. हुंडा घेणं आणि देणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. चोरी का झाली, तर घराला खिडकी होती म्हणून, असं कुणी पाठ्यपुस्तकात लिहीत नाही. इथे मात्र मागणाऱ्याची हाव बाजूला राहिली आणि कारण सापडलं मुलीच्या चेहऱ्यात. बरं, कुरूपता हे कारण खरं असतं तर गोऱ्यापान, देखण्या, शिकलेल्या मुलींच्या बापांनी कर्ज काढलंच नसतं. ते काढतातच. मुलगी सावळी असेल तर आकडा वाढवायला एक निमित्त मिळतं, एवढंच. रंग हे घासाघिशीचं हत्यार आहे. उंची, चष्मा, पांढरा डाग, वाढलेलं वजन ही त्याच भात्यातली बाकीची.

आता या दुखण्यावर एक नवं औषध निघालं आहे. 'तू आहेस तशीच सुंदर आहेस, स्वतःच्या शरीरावर प्रेम कर.' किशोरींच्या शिबिरांत ते सांगितलं जातं, आपल्याही कार्यशाळांत सांगितलं जातं. सांगणारीचा हेतू चांगला असतो, आणि रडवेल्या पोरीला त्या घटकेला बरंही वाटतं. पण मैत्रिणींनो, पुस्तकाने जो दोष तिच्या चेहऱ्यात दाखवला तो आपण तिच्या मनात नेऊन ठेवतो आहोत. आधी ती रूपात कमी पडत होती, आता आत्मविश्वासात कमी पडते. दोन्ही वेळा सुधारायचं तिनेच. तिला पाहायला आलेले चहापोहे खाऊन निवांत.

बाजाराने हे आपल्याआधी ओळखलं. हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आणली आणि गोरी झाल्याशिवाय ना नवरा ना नोकरी, हे घराघरांत पोचवलं. त्याच युनिलिव्हर घराण्यातल्या 'डव्ह' साबणाने २००४ पासून जगभरच्या बायकांना सांगायला सुरुवात केली, की तुमचं खरं रूपच सुंदर. एका हाताने न्यूनगंड विकायचा, दुसऱ्या हाताने त्यावरचा उतारा. जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या आंदोलनाची झळ लागल्यावर क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. गुलाबी ट्यूब मात्र दुकानात तशीच.

आणि ही नुसती मनाची गोष्ट नाही. गल्लीबोळांत विकल्या जाणाऱ्या अनेक बिननावाच्या क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा काही दिवस उजळतो. पण तोच पारा रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करतो. २०२३ साली अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींचं असं झाल्याची बातमी आपण वाचली आहे. स्टिरॉइडची मलमं वेगळीच. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम आहे, तरी ती गोरं होण्यासाठी लावली जातात, कातडी पातळ होईपर्यंत.

त्या पुस्तकातला दुसरा शब्द, 'अपंग', त्यावर गदारोळातही फारसं कुणी बोललं नाही. शरीरावर प्रेम करा हे आवाहन सगळ्यांत पोकळ वाटतं ते अपंग बाईसमोर. पोलिओचा पाय रात्री ठणकत असेल तर त्याच्यावर प्रेम कसलं करायचं? तिला जिन्याला कठडा हवा आहे, बसची पायरी खाली हवी आहे. तिला आपलं शरीर नाही आवडलं तर नाही आवडलं. तेवढा हक्क तरी तिच्याकडे असू द्या. अव्यंग माणसाने अपंग व्यक्तीशी लग्न केलं तर आपलं राज्य सरकार जोडप्याला प्रोत्साहन म्हणून पैसे देतं. त्या पैशाने काही संसारांना हातभार लागतही असेल. पण कमी मापाच्या मालासोबत रोख सूट, हा हिशेब त्या पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळा कसा? (बाकी 'दिव्यांग' म्हटल्याने पायऱ्या काही कमी झालेल्या नाहीत.)

शरीराशी मैत्री होते ती दुसऱ्या वाटेने. राजस्थानात महिला विकास कार्यक्रमातल्या गावच्या सुमारे ७५ बायकांनी मिळून 'शरीर की जानकारी' हे पुस्तक तयार केलं आणि दिल्लीच्या 'काली फॉर विमेन'ने ते १९८९ मध्ये छापलं. पहिल्या चित्रांत बाई उघडी होती. गावच्या बायका म्हणाल्या, अशी बाई आम्ही कधी पाहिलेलीच नाही. मग चित्रातल्या बाईला कपडे घातले आणि कागदाचा घागरा उचलला की आतले अवयव दिसतील अशी सोय केली. सुंदर की कुरूप हा सवाल त्या पुस्तकात नाही. पाळी कशी येते, गर्भ कुठे राहतो, पांढरं का जातं, हे आहे. जे अवयव नावाने उच्चारायचीही चोरी, ते एकमेकींच्या सोबतीने ओळखले की लाज थोडी थोडी गळते. आरशासमोर एकटीने मंत्र म्हणून ती गळत नाही.

मग करायचं काय? आपल्या घरापासून बघू. 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य चळवळीतल्या घरांतही ऐकू येतं. त्यातला 'पण' कुणी खटकवून घेत नाही. विठोबा काळा आहे, पण नीटस आहे, असं एकही वारकरी म्हणत नाही. आपल्या मुलांच्या बायोडाटात 'वर्ण : गव्हाळ, निमगोरा, उजळ' हा रकाना असतोच, आणि आपण तो भरून देतो. वधूवर सूचक मंडळांच्या छापील फॉर्मात तो असतो, आणि तिथे आपल्यापैकी कुणी मोर्चा नेल्याचं आठवत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. त्याआधी प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या एकेका मंडळात जाऊन तो फॉर्म मागून घ्यावा. वर्ण आणि बांधा हे दोन रकाने काढा, असं लेखी निवेदन द्यावं आणि पोच घ्यावी. नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. पुढच्या अंकात ते फॉर्म आणि ती उत्तरं आम्ही छापू.