शब्दांची दोन मापे

एका शब्दाला अनेक अर्थ असावेत, हा भाषेचा दोष नव्हे. ती तिची श्रीमंती होय. ‘मान’ म्हणजे गळा आणि ‘मान’ म्हणजे प्रतिष्ठाही. ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारचे देणेही. शाळेत गुरुजी श्लेष अलंकार शिकवितात तेव्हा मुले हसतात, आणि हसावे असेच ते असते. कारण तेथे कोणाचे काही जात नाही. परंतु जो शब्द माणसाच्या नावाला, त्याच्या दाखल्याला आणि त्याच्या हक्काला चिकटतो, त्याचे दोन अर्थ ही गंमत राहत नाही. धान्य घेताना एक पायली आणि देताना दुसरी पायली वापरणारा दुकानदार जसा गिऱ्हाइकाला बुडवितो, तसाच हा शब्द माणसाला बुडवितो. अशा दोन मापांच्या शब्दांचा विचार वर्धा जिल्ह्यात बसून करावा हे योग्यच आहे. कारण या जिल्ह्याने असे शब्द पुष्कळ पाहिले आहेत.

वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटरांवर शेगाव नावाचे एक खेडे होते. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास गेले. त्यांची पत्रे वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याच्या प्रसिद्ध शेगावी जाऊ लागली. एका नावाची दोन गावे असल्याने टपालाचा घोटाळा होऊ लागला. तेव्हा १९४० साली या खेड्याचे नाव बदलून ‘सेवाग्राम’ करण्यात आले. टपाल चुकते म्हणून गावाचे नाव बदलता येते, आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. मग माणसे वर्षानुवर्षे चुकीच्या पत्त्यावर पोहोचत असता त्यांनी आपले नाव बदलून मागितले, तर त्यांस हट्टी व कृतघ्न का म्हणावे?

त्या काळी ज्या शब्दाचा डंका वर्ध्याहून देशभर वाजला, तो शब्द ‘हरिजन’ होय. हा शब्द जुनाच होता. गुजरातच्या नरसी मेहत्यांच्या भक्तिपरंपरेतून तो आला. गांधीजींनी तो अस्पृश्यांस लावला आणि १९३३ साली त्याच नावाचे साप्ताहिक पुण्याहून सुरू केले. पुढे त्यातील बरेचसे लेखन वर्धा-सेवाग्रामच्या मुक्कामी झाले. त्यांच्या मनात या शब्दाचा अर्थ एकच होता, तो म्हणजे देवाचा माणूस. सवर्णांनी मनापासून अस्पृश्यता टाकली म्हणजे आपण सर्वच हरिजन ठरू, असेही ते म्हणत. त्यांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. परंतु शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या हेतूने ठरत नाही. तो गावच्या पाणवठ्यावर, शाळेच्या पटावर आणि तहसील कचेरीच्या दारात ठरतो. आणि तेथे ‘हरिजन’ याचा अर्थ ‘शिवू नये असा’ एवढाच राहिला. शब्द गोड झाला, पण विहीर होती तेथेच राहिली.

१९३८ साली मुंबईच्या विधानसभेत स्थानिक संस्थांच्या कायद्यातील दुरुस्तीच्या निमित्ताने हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रसंग आला, तेव्हा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी त्याला विरोध केला. अस्पृश्य जर देवाची माणसे, तर बाकीचे कोणाची, असा त्यांच्या विरोधाचा साधा आशय होता. बहुमताने ऐकले नाही, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहातून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग कशाला, असे त्या वेळी अनेकांस वाटले असेल. परंतु ज्याचे नाव ठेवावयाचे त्याला विचारावयाचे नाही, हा त्या शब्दामागचा खरा अपमान होता. १९८२ साली केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांवर ‘हरिजन’ असे लिहू नये म्हणून राज्यांस कळविले. सभात्यागापासून त्या सूचनेपर्यंत ४४ वर्षे गेली.

‘वर्ण’ या शब्दाचीही कथा अशीच आहे. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे अक्षर आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातील पायरी. १९३६ साली बाबासाहेबांचे ‘जातिभेदाचे निर्मूलन’ हे न झालेले भाषण पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा गांधीजींनी त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ‘हरिजन’मधून त्याची समीक्षा केली. जातीचा धर्माशी संबंध नाही. वर्ण मात्र वेगळा, तो कर्तव्याचा नियम आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. बाबासाहेबांनी दुसऱ्या आवृत्तीत उत्तर दिले. वर्ण गुणावर असेल तर तो जात नव्हे. परंतु तोच जन्मावर बांधलात तर तो जातीचेच दुसरे नाव होतो. तो सगळा वाद एका दृष्टीने एका शब्दाच्या दोन अर्थांचा वाद होता. एक अर्थ पुस्तकात दाखवावयाचा आणि दुसरा गावात चालवावयाचा, ही युक्ती बाबासाहेबांनी उघडी केली.

आता आमच्या खेड्यांतला एक शब्द घ्या. शहरात ‘कोतवाल’ म्हणजे जुन्या काळचा मोठा अंमलदार. त्याच्या चावडीपुढे लोक थरथरत. परंतु जुन्या मध्यप्रांतातील वर्धा-नागपूरकडच्या खेड्यांत कोतवाल म्हणजे गावाचा राखणदार, दवंडी पिटणारा, साहेबाचे सामान वाहणारा. आणि तो बहुधा महार असे. हुद्दा एकच, एकाच्या हाती चाबूक आणि दुसऱ्याच्या हाती काठी व कंदील. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम ‘वतन’ या शब्दाने केले. पाटलाचे वतन म्हणजे मान, आणि महाराचे वतन म्हणजे रात्रंदिवसाची वेठ. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. कोतवालाचे पद मात्र महसूल खात्यात राहिले. त्याला वर्षानुवर्षे मिळत आले ते वेतन नव्हे, ‘मानधन’. या शब्दात मानही आहे आणि धनही आहे. प्रत्यक्षात दोन्ही तुटपुंजे. २०२५ साली शासनाने या पदास ‘महसूल सेवक’ असे नवे नाव दिले. नाव बदलले हे ठीक झाले. परंतु ‘सेवा’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत, हे वर्धेकरांस वेगळे सांगावयास नको. सधन माणूस आपखुषीने झाडू हाती घेतो तीही सेवा, आणि जन्माने ज्याच्या हाती झाडू दिला गेला त्याचीही सेवाच. पहिल्याला त्यातून पुण्य मिळते. दुसऱ्याला त्यातून सुटका हवी असते.

येथवरचे शब्द दुसऱ्यांनी दिलेले. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आमच्या लोकांनी स्वतःचे नाव स्वतः घेतले. वर्धा, आर्वी, हिंगणघाटकडची माणसेही त्या समुदायात होती. त्या दिवशी घेतलेल्या ‘बौद्ध’ या शब्दाला त्यांच्या मनात एकच अर्थ होता. कायद्याच्या पुस्तकात मात्र दुसऱ्याच एका शब्दाचे दोन अर्थ त्यांची वाट पाहत होते. तो शब्द ‘हिंदू’.

हे नीट समजून घ्यावे. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात एक स्पष्टीकरण आहे. हिंदूंच्या धार्मिक संस्था सर्वांस खुल्या करण्याच्या संदर्भात ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचाही समावेश समजावा, असे ते सांगते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे लग्नाच्या मांडवात बौद्ध हा हिंदू. बापाच्या शेताची वाटणी करतानाही हिंदू. परंतु १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात म्हटले होते की, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली तेथे शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जावर आणि राखीव जागेच्या उमेदवारीत तोच माणूस हिंदू नाही! कायद्याला आपापल्या कामापुरती व्याख्या करण्याचा अधिकार असतो, असे वकील सांगतील. ते खरे आहे. परंतु दोन्ही मापांत तोटा एकाच गिऱ्हाइकाचा होतो, तेव्हा ते गिऱ्हाईक तराजूकडे बोट दाखविणारच.

हा तोटा कल्पनेतला नव्हता. १९६२ च्या निवडणुकीत नागपूर जिल्ह्यातील उमरेडच्या राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. ते बौद्ध झाले आहेत, म्हणून त्यांची निवड रद्द करावी, असा दावा झाला, आणि १९६४ साली तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. प्रश्न अडला होता मूळ इंग्रजी आदेशातील ‘प्रोफेस’ या एका क्रियापदावर. धर्म ‘प्रोफेस’ करणे म्हणजे काय? मनात मानणे, विधिपूर्वक दीक्षा घेणे, की उघडपणे जाहीर करणे? न्यायालयाने सांगितले की, आपण अमुक धर्माचे आहो असे माणूस उघडपणे जाहीर करतो, एवढे पुरे. त्या अर्थाने डॉ. मेश्राम बौद्ध ठरले आणि निवड गेली. जो अर्थ आमच्या माणसाच्या स्वाभिमानाला न्याय देणारा होता, तोच त्याची जागा घेऊन गेला. छाती पुढे काढून ‘मी बौद्ध’ म्हणावे तर हक्क जातो, आणि हक्क राखावा तर जीभ गिळावी लागते, अशा कात्रीत एक अख्खी पिढी सापडली.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यापुरत्या सवलती बौद्धांस मिळाल्या, आणि त्याबरोबर एक नवा शब्दही मिळाला, तो ‘नवबौद्ध’. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालची दुरुस्ती उजाडावी लागली. तेव्हा कोठे त्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द आला. दीक्षेपासून त्या दुरुस्तीपर्यंत ३४ वर्षे लोटली. परंतु ‘नव’ हे अक्षर अजून आमच्या नावाला चिकटून आहे. घरात आलेली नववधू चार वर्षांत सून होते, पुढे सासू होते. तिला कोणी जन्मभर नववधू म्हणत नाही. मग दीक्षेला सात दशके होत आली असता, बौद्ध आईबापांच्या पोटी, बौद्ध आजोबांच्या घरी जन्मलेले पोर ‘नव’ कसे? या ‘नव’चे दोन अर्थ आहेत. आमच्या दृष्टीने तो नवजीवनाचा. परंतु पुष्कळांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘अजून पुरते नव्हेत’ असा होतो.

‘दलित’ या शब्दाबद्दल आमच्यातच मतभेद आहेत. ‘दळलेला, चिरडलेला’ हा त्याचा एक अर्थ. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिल्यानंतर त्याला ‘उठून उभा राहिलेला’ असा दुसरा अर्थ आला. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हा विषय गेला, आणि केंद्राच्या माहिती खात्याने वृत्तवाहिन्यांस हा शब्द टाळण्यास सुचविले. आम्हांस बौद्ध हेच नाव प्रिय आहे. तथापि, सरकारने दिलेला शब्द आणि लढणाऱ्यांनी स्वतः उचललेला शब्द यांस एकाच पंक्तीत बसविणे योग्य नव्हे. शब्दाची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी. तो कोणी निवडला? त्याचा अर्थ कोण ठरवितो? आणि अर्थ उलटला तर तोटा कोणाचा?

हा सारा विचार आज मांडण्याचे कारण आहे. २०२७ ची जनगणना जाहीर झाली असून तीत सर्व जातींची नोंद व्हावयाची आहे. धर्माच्या रकान्यात काय लिहावे याविषयी शंकेला जागाच नाही. परंतु अजूनही काही घरांत, सवलत जाईल या जुन्या भीतीने, ‘हिंदू’ असे सांगितले जाते. ती भीती १९९० पूर्वीची आहे. आज तिला कायद्याचा आधार नाही. बौद्ध म्हणून नोंद केल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. १९६१ च्या जनगणनेत, जेव्हा हक्क खरोखरच जात होता, तेव्हा महाराष्ट्रातील सुमारे २७ लाख ९० हजार लोकांनी स्वतःस बौद्ध म्हणून नोंदविले. त्यांच्या नातवंडांनी आता कचरावे, हे लाजिरवाणे आहे.

अडचण आहे ती जातीच्या रकान्याची. जात दीक्षाभूमीवर टाकून आलो, आता ती पुन्हा लिहू कशाला, असे आमचे काही बांधव विचारतात. हा प्रश्न स्वाभिमानाचा आहे व त्याचा आम्ही आदर करतो. परंतु येथेही शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावयास हवेत. एका अर्थाने जात म्हणजे आपण मानतो ती उच्चनीचता. ती आम्ही मानीत नाही आणि मानणार नाही. दुसऱ्या अर्थाने जात म्हणजे समाजाने आमच्यावर केलेल्या अन्यायाची सरकारदरबारची नोंद. अनुसूचीत ‘बौद्ध’ नावाची जात नाही, आणि नसावीच. तो धम्म आहे. तेव्हा जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले तर अनुसूचित जातींच्या गणनेतून ते घर सुटेल, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात ठरणाऱ्या राखीव जागा व निधी यांवर त्याचा परिणाम होईल. डॉक्टरपुढे जखम दाखविणारा माणूस जखमेचा अभिमान बाळगीत नाही. ती बरी व्हावी म्हणून तो दाखवितो. म्हणून आमचे मत असे की, धर्म बौद्ध लिहावा आणि अनुसूचीतील आपल्या जातीची नोंदही करावी. पहिला शब्द आमच्या निवडीचा आहे, दुसरा आमच्यावर लादलेल्या कर्जाच्या हिशेबाचा. हिशेब चुकता होण्याआधी वही फाडून टाकली तर त्यात सावकाराचाच फायदा.

प्रगणक दाराशी येईल तेव्हा त्याला अंदाजाने लिहू देऊ नये. तो आपल्या समजुतीने शब्द निवडील, आणि मग अर्थही त्याचाच राहील. त्याने काय लिहिले ते वाचून दाखविण्यास सांगावे, आणि चुकले असेल तर तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्यावे. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी म्हाताऱ्या माणसांजवळ त्या वेळी बसावे. शेगावच्या टपालासाठी एका गावाने आपले नाव बदलून घेतले. आमचे नाव आम्ही १९५६ साली घेतले आहे. आता ते योग्य रकान्यात, योग्य अर्थाने पोहोचविणे, एवढेच काम उरले आहे, आणि ते आपले आपणच करावयाचे आहे.