थंड देशांतील सायकल व सूनबाईंची विजार

मुली-सुना परदेशीं गेल्या म्हणजे घरच्या वडील माणसांची काळजीहि त्यांच्या मागोमाग समुद्र ओलांडते. पूर्वीं ती भाजणी, मेतकूट व लोणचें यांच्या डब्यांतून जात असे; आतां तींत कपड्यांचीहि भर पडली आहे. एका वाचक भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे कीं, त्यांची सून नेदरलंड्समधील आइंडहोव्हन येथें नोकरीस असून घरापासून कचेरीपर्यंत रोज ११ किलोमीटर सायकलीनें जाते. हिंवाळ्यांत तिचे गुडघे व मांड्या गारठतात. तर तिला येथून जाड सुती विजारींचे दोन जोड पाठवावे, कीं सायकलस्वार स्त्रिया तिकडे जी अंगासरशी विजार घालतात व जिला टाइट्स म्हणतात, ती घेऊन द्यावी? घरांतील वृद्धांस असली विजार कुलस्त्रीस अशोभनीय वाटते, हेंहि त्यांनीं प्रांजळपणें लिहिलें आहे. प्रश्न एका घरचा असला तरी आज तो अनेक घरांतला आहे; म्हणून त्याचा नीट विचार करूं.

प्रथम तेथील थंडीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. पुण्यासहि पौषांत पहांटे पारा दहा अंशांखालीं उतरतो. पण ऊन वर आलें कीं तो गारठा ओसरतो. आइंडहोव्हनला जानेवारींतील सरासरी तपमान ३ ते ४ अंशांच्या घरांत असतें, हवा दमट असते, आणि वारा व पावसाची भुरभुर यांची सोबत सहसा सुटत नाहीं. डिसेंबरअखेर तेथें सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवून साडेचारच्या सुमारास मावळतो; म्हणजे कचेरीस जाणें अंधारांत आणि येणेंहि अंधारांत. शिवाय सायकल चालविणारा आपला वारा आपणच निर्माण करतो. हवा स्तब्ध असून पारा ५ अंशांवर असला, तरी ताशीं २० किलोमीटर वेगानें जाणाऱ्यास ती सुमारें १ अंशाइतकी थंड भासते. हा वारा मांडीच्या पुढील भागावर व गुडघ्यावर सरळ येतो. गुडघ्यावर मांसाचें आच्छादन फारसें नसतें, आणि वाटभर तोच सांधा अखंड वांकत असतो. सबब सूनबाईंची तक्रार नाजुकपणाची नव्हे.

आतां कापडाकडे वळूं. सूत हें उष्ण देशाचें वस्त्र. तें घाम शोषून धरतें व सावकाश वाळतें, म्हणूनच उन्हाळ्यांत अंगास गारवा देतें. हाच गुण थंडींत दोष ठरतो. ऊब धाग्यांत नसून धाग्यांमध्यें अडकलेल्या कोरड्या हवेंत असते. सायकल चालवितांना थोड्याच वेळांत घाम येतो. सुती कापड तो पिऊन ओलें होतें. हवेची जागा पाणी घेतें. आणि पाणी स्तब्ध हवेपेक्षां उष्णता सुमारें २५ पट अधिक वाहून नेतें. म्हणून सुती जोड, ते कितीहि जाड असोत, या कामीं पाठवूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. घरांत बसावयास ते उत्तम, सायकलीवर नव्हेत.

या कामास लोंकर व पॉलिएस्टर हीं दोन द्रव्यें योग्य. लोंकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी आर्द्रता पोटांत घेऊनहि ऊब सोडीत नाहीं, आणि तिला घामाचा वास लौकर लागत नाहीं. घोंगडीच्या अनुभवावरून लोंकरीस नांवें ठेवणाऱ्यांनीं मेरिनो मेंढीची बारीक लोंकर एकदां हातीं घेऊन पाहावी. ती टोंचत नाहीं. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषीतच नाहीं. घाम त्याच्या बाहेरच्या अंगास पसरून वाळतो. सायकलीच्या बहुतेक विजारी पॉलिएस्टर किंवा नायलॉन यांत ताणला जाणारा इलॅस्टेनचा धागा मिसळून केलेल्या असतात, व हिंवाळी विजारीस आंतून मऊ लव काढलेली असते. ही लवच हवा धरून ठेवते.

मग कोणती घ्यावी? पारा १० ते १५ अंशांत असतां लव नसलेली साधी लांब विजार पुरते. ५ ते १० अंशांत लव असलेली हवी. त्याहून खालीं, मांडी व गुडघा यांच्या पुढील बाजूस वारा अडविणारें कापड आणि मागील बाजूस साधें कापड, अशी दुहेरी रचना असलेली घ्यावी. चोहोंकडून वाराबंद कापड असलें तर घामाची वाफ आंतच कोंडते. आइंडहोव्हनच्या हवेंत एकच घ्यावयाची झाल्यास ही तिसरी घ्यावी. ज्यांचें जाणें-येणें दोनतीन किलोमीटरांचेंच आहे त्यांनीं मात्र एवढा खटाटोप करूं नये. नेहमींच्या पँटखालीं मेरिनोची पातळ विजार घातली म्हणजे झालें.

माप हा दुसरा मुद्दा. सैल विजारींत थंड हवा भात्याप्रमाणें आंतबाहेर करते व तिचा पाय सांखळींत अडकण्याची भीति असते. फार आंवळणारी असल्यास लव दबून तिच्यांतील हवा जाते. आरशापुढें उभें राहून ही परीक्षा होत नाहीं. खुर्चीवर बसून सायकलीवरच्याप्रमाणें पुढें वांकावें, एकेक गुडघा वर घ्यावा आणि पाहावें: पाठीमागें कंबर उघडी पडते काय, गुडघ्यामागें चुण्या रुततात काय, आणि ताणलेलें कापड पारदर्शक होतें काय. शेवटल्या परीक्षेंत नापास झालेली विजार मर्यादा व ऊब या दोन्ही दृष्टींनीं त्याज्य. घोट्याशीं प्रकाश परतविणारी पट्टी असावी. अंधारांत वरखालीं हलणारी ती पट्टी मोटार हांकणाऱ्यास दुरून दिसते.

बैठकीच्या जागीं गादी असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या विजारी मिळतात. ताठ बसून चालवावयाच्या, रुंद बैठकीच्या सायकलीस गादीवांचून चालतें. गादी घ्यावयाची तर ती स्त्रियांच्या घडणीचीच हवी, कारण त्यांच्या बैठकीच्या हाडांतील अंतर बहुधा अधिक असतें. आणि तिच्याखालीं दुसरें वस्त्र घालीत नाहींत, शिवण घांसते म्हणून. अर्थात् ती रोज धुवावी लागते व दोन नग लागतात. खांद्यावरून पट्टे असलेली विजार कंबरेस ऊब देते खरी, पण शौचाच्या वेळीं अंगावरचे सर्व थर उतरावे लागतात. तेव्हां नोकरीस जाणाऱ्या स्त्रीस मागून उंच कंबरेची साधी विजारच सोयीची.

राहिला घरांतील वडिलांचा आक्षेप. तो आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. मर्यादा हा घराचा पाया आहे. पण ज्या आजीच्या मर्यादेचा आपण दाखला देतों, ती आजी नऊवारी लुगड्याचा कासोटा घालून विहिरीच्या पायऱ्या चढत-उतरत होती व शेतांत राबत होती. दोन्ही पाय निरनिराळे मोकळे ठेवणारें वस्त्र आपल्याकडे परकें नाहीं. उलट ज्या इंग्लंडांतून सायकल आपल्याकडे आली, तेथेंच १८९८ सालीं लेडी हार्बर्टन या बाई सायकलीवर विजारवजा पोषाख करून गेल्या असतां, सरे परगण्यांतील एका उपाहारगृहांत त्यांना कॉफीच्या दालनांत बसूं दिलें नाहीं. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि १८९९ सालीं निकाल बाईंच्या पक्षाविरुद्ध लागला. आज त्याच देशांत असल्या पोषाखाकडे कोणी मान वळवून पाहत नाहीं. 'वस्त्र' हा शब्द ज्या 'वस्' धातूपासून झाला त्याचा अर्थ झांकणें असा आहे. आणि ही विजार कंबरेपासून घोट्यापर्यंत झांकते. तिचा आकार डोळ्यांत भरत असेल तर वरून आंखूड झगा घालतां येतो, कचेरींत पोचल्यावर ती बदलतांहि येते.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. थंडी सोसत नाहीं म्हणून सूनबाईंनीं सायकल सोडली तर परदेशच्या त्या अंधाऱ्या महिन्यांत त्यांचा रोजचा व्यायाम व मोकळी हवा सुटेल. आणि त्यांनीं विजार घेतलीच, तर प्रश्न एवढाच उरतो कीं, ती घरच्यांस सांगून घेतात कीं न सांगतां. एक गोष्ट लपविली कीं दुसरी लपविणें सोपें होतें. मग एखादे दिवशीं खरोखर सांगण्याजोगें दुखणें असलें तरी फोनवर "सगळें ठीक आहे" एवढेंच ऐकूं येतें. विजारीपायीं हा दुरावा ओढवून घेण्यांत शहाणपण नाहीं.

तेव्हां येथून कांहीं न पाठवितां पैसे पाठवावे व निवड सूनबाईंवर सोंपवावी. मापें निरनिराळ्या कारखान्यांचीं निरनिराळीं असतात, व ती घालून पाहणें त्यांनाच शक्य आहे. एवढें मात्र सांगावें, कीं ती उलटी करून कोमट पाण्यांत धुवावी, कपडे मऊ करणारें द्रावण घालूं नये, आणि यंत्रांत तापवून वाळवूं नये. द्रावणानें घाम बाहेर टाकण्याचा गुण जातो व उष्णतेनें ताण जातो. संक्रांतीस आपण नव्या सुनेस काळें वस्त्र देतों, तें थंडींत ऊब देतें म्हणून. ही विजारहि बहुधा काळीच असते. तिळगुळासोबत तिचे पैसे पाठविले, आणि घरांतील सर्वांत वडील माणसानें स्वतः फोन करून तसें सांगितलें, तर आमच्या मतें सणाचा हेतु उत्तम साधेल.