प्रश्नावलीतला वाचक आणि पानावरचा वाचक

इंग्लंडमधील शाळांत माध्यम-अभ्यास हा विषय घेणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना कित्येक वर्षे एक ठरावीक प्रकल्प करावा लागत असे. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या, २००८ पासून शिकवल्या गेलेल्या अभ्यासक्रमात तो होता : एका नव्या संगीतविषयक मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिकेचे पान आणि एका लेखाची समोरासमोरची दोन पाने तयार करा. छायाचित्रे स्वतःची, मजकूरही स्वतःचा. शेवटी मूल्यमापनाचे काही प्रश्न. त्यांत आपला वाचक कोण, त्याला आकर्षून कसे घेतले आणि त्याला कोणत्या सुरात संबोधले, हेही सांगायचे. बहुसंख्य विद्यार्थी यासाठी जी रीत पत्करत ती ठरून गेलेली होती. आधी एक प्रश्नावली : तुमचे वय, आवडता संगीतप्रकार, मासिकासाठी किती पैसे द्याल, कोणता रंग आवडतो. वर्गातल्या दहा-पंधरा मित्रमैत्रिणींकडून ती भरून घ्यायची, उत्तरांचे वर्तुळालेख काढायचे आणि बहुमताप्रमाणे मासिक रचायचे. कच्चा आराखडा पुन्हा त्याच मित्रांना दाखवायचा. ते ‘अक्षरे मोठी कर’ म्हणाले की ती मोठी करायची.

हा खटाटोप वरवर पाहता लोकशाहीवादी वाटतो. वाचकाला विचारल्याशिवाय त्याच्यासाठी काही लिहू नये, यात गैर काय? परंतु ज्याला विचारले जात आहे आणि ज्याच्यासाठी मासिक निघत आहे, ते दोघे एकच आहेत हे येथे गृहीत धरलेले असते. साहित्याच्या अभ्यासकाला हे गृहीतक खटकायला हवे. वोल्फगांग इझरने ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना मांडली ती कादंबरीच्या संदर्भात; पण किशोरांच्या मासिकाला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच अन्य कोणत्या वाङ्मयप्रकाराला पडत असेल. तेरा वर्षांची मुलगी मासिक उघडते ती तेरा वर्षांची मुलगी म्हणून नव्हे, तर पुढे जे आपण होणार आहोत असे तिला वाटते त्या व्यक्तीची जागा थोडा वेळ बळकावण्यासाठी. १९८३ साली निघालेल्या ‘जस्ट सेव्हन्टीन’ या ब्रिटिश मासिकाचे नावच याची साक्ष आहे. त्याच्या वाचकांत सतरा वर्षांहून लहान मुलींचा मोठा भरणा होता. त्यांना वय विचारले असते तर त्यांनी खरे वय लिहिले असते, आणि त्या वयासाठी काढलेल्या मासिकाकडे मग ढुंकूनही पाहिले नसते.

प्रश्नावली प्रत्यक्ष वाचकाची नोंद घेते; मासिक अभिप्रेत वाचकासाठी रचले जाते. या दोहोंतले अंतर हीच किशोरांच्या मासिकाची खरी जागा आहे, आणि अभिप्राय घेण्याची रूढ पद्धत नेमके ते अंतर बुजवून टाकते.

या विषयावर बोलताना ‘स्मॅश हिट्स’चे उदाहरण टाळता येत नाही. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’चे संपादकपद सांभाळलेल्या निक लोगनने ते १९७८ मध्ये सुरू केले. आधी एक चाचणी अंक काढून बाजारात पाहिला गेला, मग मासिक, आणि लवकरच पाक्षिक. आरंभी त्याचा गाभा म्हणजे गाजणाऱ्या गाण्यांचे छापील शब्द. रेडिओवर अर्धेमुर्धे कानी पडणारे गाणे पूर्ण म्हणता यावे ही गरज इतकी उघड होती की त्यासाठी कुणाला काही विचारावे लागले नाही. आपल्याकडे चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांनी तीच गरज ओळखली होती, आणि त्यांच्या प्रकाशकांनीही कधी पाहणी केली असेल असे वाटत नाही.

पण ‘स्मॅश हिट्स’ची खरी कमाई गाण्यांच्या शब्दांपलीकडची होती. ती भाषेची होती. ज्या गायकाची सद्दी संपली तो ‘डंपर’मध्ये गेला, पॉल मॅकार्टनीला त्याच्या अंगठा उंचावण्याच्या लकबीवरून लांबलचक टोपणनाव मिळाले. लेखकवर्गात टॉम हिबर्टसारखे तिरकस लेखक होते. पुढे पेट शॉप बॉइज या जोडीतून कीर्ती मिळवणारा नील टेनंट येथेच सहायक संपादक होता. पत्रव्यवहाराचे पान ‘ब्लॅक टाइप’ नावाचे एक काल्पनिक पात्र चालवी. वाचक पत्र पाठवी, ब्लॅक टाइप त्याची टर उडवी, आणि पुढच्या वेळी वाचक त्याच्याच बोलीत त्याची टर उडवी. प्रत्याभरण म्हणतात ते हे. येथे वाचकाचा अभिप्राय संपादकाच्या खणात पडून राहत नसे किंवा परिशिष्टातला आलेखही होत नसे. तो अंकाचा मजकूर होई. वाचकांचा वार्षिक कौल हीदेखील अशीच गोष्ट. त्यात सर्वोत्कृष्ट कोण याबरोबर सर्वांत वाईट कोण हेही विचारले जाई, आणि १९८८ पासून त्या कौलाचा दूरचित्रवाणीवर सोहळाच होऊ लागला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या पाक्षिकाचा खप दहा लाखांच्या घरात पोचला होता.

आता याच पाक्षिकाने १९८७ मध्ये काय केले ते पाहावे. त्याने टॉम हिबर्टला पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची मुलाखत घ्यायला पाठवले. ‘पुढच्या अंकात कोण हवे?’ या प्रश्नाला कोणत्या चौदा वर्षांच्या मुलाने थॅचरबाईंचे नाव लिहिले असते? तरीही ती मुलाखत ‘स्मॅश हिट्स’च्या स्वभावाला अगदी साजेशी होती, कारण त्या पानांवरचा वाचक बड्या माणसांच्या गांभीर्याकडे मिस्कीलपणे पाहायला तोवर सरावला होता. तो सराव मासिकाने घडवला होता. रुची आधी असते आणि मासिक मागाहून तिची भूक भागवते, असा क्रम मानला की ही गोष्ट उलगडत नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे, आणि तो सहज झटकून टाकता येणारा नाही. अभिप्रेत वाचकाची जागा संपादक ठरवतात, तेव्हा ती जागा पिंजराही ठरू शकते. डंडीच्या डी. सी. थॉमसन कंपनीचे ‘जॅकी’ हे मुलींचे साप्ताहिक १९६४ ते १९९३ पर्यंत चालले. त्यात पॉप गायकांची भिंतीवर लावायची चित्रे होती, प्रेमकथा होत्या, आणि वाचकांच्या अडचणींना उत्तरे देणारे ‘कॅथी अँड क्लेअर’ हे सदर होते. म्हणजे अभिप्रायाचा तुटवडा मुळीच नव्हता. तरीही अँजेला मॅकरॉबी यांनी १९७८ मध्ये ‘जॅकी’चे जे विश्लेषण केले त्यात दिसली ती प्रेमप्रकरणापलीकडे ज्याला क्षितिजच नाही असे जग असलेली एक मुलगी. पत्रे येत होती, पण कोणत्या प्रकारचे पत्र लिहायचे हे ते सदरच शिकवत होते. अर्थात मॅकरॉबी यांनी संहिता वाचली, वाचणाऱ्या मुलींना विचारले नाही. मार्टिन बार्कर यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात या तऱ्हेच्या वाचनावर कठोर टीका केली, आणि पुढे स्वतः मॅकरॉबींनीही आपल्या मांडणीचा फेरविचार केला. केवळ संहितेवरून वाचक ताडणे जितके अपुरे, तितकेच केवळ प्रश्नावलीवरून संहिता रचणेही अपुरे.

तेव्हा अभिप्राय घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. तो केव्हा आणि कशाबद्दल घ्यावा, एवढाच वाद आहे. ‘तुला काय हवे?’ हा प्रश्न किशोरवयीन मुलाला अवघड टाकतो. मित्रांसमोर शोभेल तेच तो लिहितो. त्याऐवजी तयार पाने त्याच्या हाती द्यावीत आणि गप्प बसून पाहावे. तो कोणते पान आधी उघडतो, कुठे थांबतो, कोणती ओळ शेजाऱ्याला वाचून दाखवतो, कोणते चित्र कापून ठेवावेसे त्याला वाटते? मग पाने परत घेऊन एवढेच विचारावे : हे मासिक एखादे माणूस असते तर ते कोण असते? थोरला भाऊ, वर्गातला वात्रट मुलगा, की मुलांत मिसळू पाहणारे एखादे काका? या एका उत्तरातून सुराबद्दल जे कळते ते चार वर्तुळालेखांतून कळत नाही. आणखी एक गोष्ट फक्त वाचकच सांगू शकतो : या पानांवर आपल्यासारखे कोण नाही. ‘जॅकी’च्या संपादकांना हा प्रश्न कधी पडला असता तर बरे झाले असते.

‘स्मॅश हिट्स’ २००६ च्या फेब्रुवारीत बंद पडले. संगीतवाहिन्या, महाजाल आणि भ्रमणध्वनी यांनी त्याचे काम वाटून घेतले, हे कारण सर्वज्ञात आहे. आज कोणते गाणे कितव्या सेकंदाला सोडून दिले गेले याचीही नोंद आपोआप होते. इतका तपशीलवार अभिप्राय लोगनच्या पिढीला स्वप्नातही मिळाला नसता. त्या नोंदीवरून यंत्र पुढचे गाणे सुचवते, आणि ते बहुधा आधीच्या गाण्यासारखेच असते. थॅचरबाईंची मुलाखत त्यातून कधीच निघाली नसती.

आपल्याकडेही जनसंज्ञापनाच्या वर्गांत अंक काढण्याचे प्रकल्प दिले जातात, आणि त्यांच्या अहवालांतही प्रश्नावली जोडलेली असते. तेथे शिकवणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. ‘वाचकांच्या सूचनांनुसार कोणते बदल केले?’ या प्रश्नाच्या खाली आणखी एक प्रश्न घालावा : ‘कोणती सूचना तुम्ही मानली नाही, आणि का?’ गुण दोन्हींना सारखेच असावेत.