एक षष्ठांशाचा अर्थ

बारावीच्या गणितात एक नेहमीचे उदाहरण असते. य = क्ष ही सरळ रेषा आणि य = क्ष² हा वक्र यांनी वेढलेल्या प्रदेशाचे क्षेत्रफळ काढा. विद्यार्थी शून्य ते एक या मर्यादांत संकलन, म्हणजे त्याच्या तोंडचे 'इंटिग्रेशन', करतो. अर्ध्यातून एक तृतीयांश वजा जाता एक षष्ठांश उरतो आणि पूर्ण गुण पदरात पडतात. मात्र हे क्षेत्रफळ काढून साधले काय, असे विचारले की हुशार मुलेही गप्प होतात. दोष त्यांचा नाही. आपण त्यांना कृती शिकविली, कारण शिकविले नाही.

कारण अवघड नाही. त्या प्रदेशाच्या अतिशय अरुंद उभ्या पट्ट्या कल्पाव्यात. प्रत्येक पट्टीची उंची म्हणजे वरची रेषा आणि खालचा वक्र यांतील अंतर. पट्ट्या अधिकाधिक अरुंद करीत नेल्या की त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज ज्या संख्येवर स्थिरावते, तेच दोन वक्रांमधील क्षेत्रफळ. संकलन म्हणजे अशा असंख्य लहान अंतरांचा एकत्रित हिशेब होय.

आता हीच आकृती समाजाला लावून पाहू. १९०५ साली मॅक्स लॉरेन्झ या अमेरिकी अभ्यासकाने एक युक्ती सुचविली. समाजातील माणसे गरिबाकडून श्रीमंताकडे अशा क्रमाने मांडावीत. आडव्या अक्षावर लोकसंख्येचा हिस्सा घ्यावा, उभ्या अक्षावर त्यांच्या वाट्याला आलेल्या उत्पन्नाचा. सर्वांचे उत्पन्न सारखे असेल तर य = क्ष ही रेषा मिळते. विषमता असेल तर वक्र तिच्याखाली झुकतो. तो य = क्ष² असा असेल, तर गरीब अर्ध्या समाजाच्या वाट्याला उत्पन्नाचा केवळ चौथा भाग येतो. रेषा आणि वक्र यांमधील क्षेत्रफळाची दुप्पट म्हणजे इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोराडो जिनी यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक. आपल्या उदाहरणात तो एक तृतीयांश येतो. परीक्षेतील एक षष्ठांश हे विषमतेचे माप ठरू शकते, ते असे.

हे न कळल्याची किंमत केवळ गुणपत्रिकेत मोजावी लागत नाही. २०२५ साली भारताचा २५.५ हा जिनी निर्देशांक पुष्कळ चर्चिला गेला. काहींनी तो अभिमानाने मिरविला, काहींनी तुच्छतेने झिडकारला. तो आकडा २०२२-२३ च्या कुटुंबखर्चावर आधारलेला होता, उत्पन्नावर नव्हे. गरिबाची बहुतेक कमाई खर्चून जाते, श्रीमंताची बरीच शिल्लक राहते. म्हणून खर्चाचा वक्र साधारणतः समतेच्या रेषेच्या अधिक जवळ असतो. एका देशाच्या खर्चाचा वक्र दुसऱ्या देशाच्या उत्पन्नाच्या वक्राशी ताडून पाहणे योग्य नव्हे. वक्र कशाचा आहे, हा प्रश्न आधी विचारला असता तर मिरविणारे आणि झिडकारणारे दोघेही थोडे थबकले असते.

कारणासह शिकविण्याची रीत आपल्याला परकी नाही. सुमारे १५३० साली केरळातील ज्येष्ठदेवांनी 'युक्तिभाषा' हा ग्रंथ लिहिला, तोही संस्कृतात नव्हे, मलयाळममध्ये. क्रमवार संख्यांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे वर्गसंकलित, संख्या पुष्कळ वाढविली असता शेवटच्या संख्येच्या घनाच्या एक तृतीयांशाकडे कशी झुकते, हे त्यात उपपत्तीसह मांडले आहे. आपल्या उदाहरणातील एक तृतीयांश तोच. न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात दिलेल्या सर्वसामान्य पद्धतीचे श्रेय यामुळे उणे होत नाही, आणि ते हिरावून घेण्याची आपल्याला गरजही नाही. परंतु ज्येष्ठदेवांचा अभिमान बाळगायचा आणि घरातल्या मुलाकडून सूत्रे घोकून घ्यायची, हा विसंगतीचा कळस झाला.

तेव्हा पालकांनी आणि शिक्षक बंधुभगिनींनी एक लहानसा प्रघात पाडावा. मुलाने उत्तर काढले की त्याला आकृतीतील एक पट्टी रंगवायला सांगावी आणि विचारावे, ही उंची कशातले अंतर आहे? त्याचे उत्तर ज्याला देता येईल, तो उद्या वर्तमानपत्रातील आकडाही डोळसपणे वाचील.