१९७१ चं हार्डकोडिंग

शुक्रवारी लंचला पुन्हा तेच भांडण. टीममधला तमिळ मित्र म्हणाला, "आम्ही कुटुंबनियोजन केलं, त्याची शिक्षा म्हणून लोकसभेत आमचं वजन कमी करणार?" लखनौवाला म्हणाला, "मग माझं मत तुझ्यापेक्षा हलकं का?" आणि आम्ही मराठी मंडळी? मान खाली घालून डबा खात होतो. आपले ४८ काही फारसे हलत नाहीत ना, मग कशाला बोला!

हलत नाहीत हे खरंय. १९७१ ला देशातल्या दर शंभरात साधारण नऊ माणसं महाराष्ट्रातली होती, २०११ लाही तेवढीच. म्हणून तर आपण बोलायला हवं. या भांडणात आपला स्वार्थ नाही.

राज्याराज्यांतलं जागावाटप अडकलंय १९७१ च्या जनगणनेवर. १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीने ते गोठवलं, २००१ ला ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकललं. १९७१ ला आमची नवी मुंबई म्हणजे खाडी, मिठागरं आणि भातशेती. कोडमध्ये असा आकडा कुणी हार्डकोड केला असता तर रिव्ह्यूत त्याची सालटी काढली असती. (राज्याच्या आतल्या सीमा २००८ ला बदलल्या म्हणा. तेव्हापासून खारघर-पनवेल थेट पिंपरी-चिंचवडबरोबर मावळ मतदारसंघात! मध्ये अख्खा बोरघाट. असो.)

तमिळ मित्राचं दुखणं खोटं नाही. पण २०११ ची लोकसंख्या धरून भागाकार करून बघा: एका खासदारामागे तमिळनाडूत साडेअठरा लाख माणसं, महाराष्ट्रात साडेतेवीस, यूपीत पंचवीस. आणि राजस्थानात? सत्तावीस! २०११ ला राजस्थान लोकसंख्येने तमिळनाडूपेक्षा लहान होतं, बरं का. म्हणजे हे लहानांना संरक्षणही नाही आणि समान मतही नाही. नुसती जुनी फाईल.

लहानांना खरंच झुकतं माप द्यायचं असेल तर ते कसं देतात हे युरोपीय संसदेत बघा. जर्मनीला ९६ जागा. माल्टाला ६, आणि माल्टाची वस्ती आपल्या नवी मुंबई महापालिकेच्या जेमतेम निम्मी! अन्यायच की. पण उघड, करारात लिहिलेला: देश मोठा तशी एका जागेमागे माणसं जास्त, ९६ च्या वर कुणी नाही, ६ च्या खाली कुणी नाही. आणि आकडे निवडणुकीआधी पुन्हा तपासतात. २०२४ ला ७०५ च्या ७२० केल्या.

आपणही असंच करावं. आजच्या कुणाच्या जागा कापू नका, मोठ्या राज्यांना कमाल मर्यादा घाला, सूत्र घटनेत लिहा आणि दर जनगणनेनंतर ते पुन्हा चालवा. नव्या संसद भवनात लोकसभेसाठी ८८८ खुर्च्या आहेत, तेव्हा बसायला जागा नाही ही सबब चालणार नाही. लखनौवाला त्या कमाल मर्यादेवर भडकणार हे मला माहितीय. भडकू दे. सोमवारी डबा बाजूला ठेवून बोलणार आहे.