विश्लेषण : राणीच्या बागेत गर्दी वाढली, प्राण्यांचे काय?

भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय, म्हणजे मुंबईकरांची राणीची बाग. सुट्टीच्या दिवशी येथे तिकीट खिडकीपासून रांग लागते. बागेचे यशही बहुधा याच रांगेवरून आणि नव्याने आणलेल्या प्राण्यांवरून मोजले जाते. पिंजऱ्यातला प्राणी कसा जगतो, हा प्रश्न विचारला जातो तो एखादा प्राणी दगावल्यावरच.

पेंग्विनमुळे काय बदलले?

ही बाग १८६२ सालची, सुमारे ५३ एकरांची आणि मुळात वनस्पती उद्यान. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन येथे आणले गेले. त्यातली एक मादी ऑक्टोबरमध्येच मेली. मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. २०१८च्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरच जगले. पुढची पिल्ले मात्र जगली आणि थवा वाढत गेला.

वाद रंगला तो निविदांवर आणि देखभालीच्या खर्चावर. ‘पेंग्विन’ हा राजकीय टोमणा झाला, पक्षी बाजूलाच राहिले. हम्बोल्ट पेंग्विन बर्फातला नव्हे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा. तरीही मुंबईचा उकाडा त्याला सोसणारा नाही. त्यामुळे त्याचे सारे आयुष्य वातानुकूलन यंत्रावर अवलंबून आहे. एका बाबतीत मात्र तो बागेतल्या अनेक प्राण्यांपेक्षा सुदैवी म्हणावा लागेल. त्याला सोबत आहे.

सोबत इतकी महत्त्वाची का?

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातील शंकर या आफ्रिकी हत्तीचे उदाहरण ताजे आहे. झिम्बाब्वेने भारताला भेट दिलेल्या या हत्तीची जोडीदार मादी काही वर्षांतच मेली. हत्ती हा कळपात वाढणारा प्राणी, पण शंकरने पुढची अनेक वर्षे आपल्या जातीच्या सोबतीविना काढली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘वाझा’ या जागतिक संघटनेने दिल्ली प्राणिसंग्रहालयाचे सदस्यत्व निलंबित केले. सप्टेंबर २०२५ मध्ये शंकर मेला, तेव्हाही तो एकटाच होता.

नियम नव्हता असे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. सबळ कारण नसताना कोणताही प्राणी एक वर्षाहून अधिक काळ एकटा ठेवू नये, जोडीदार मिळत नसेल तर त्याला दुसरीकडे हलवावे, असे नियम सांगतात. पळवाट त्या ‘सबळ कारणा’तच आहे. जोडीदाराचा शोध सुरू असल्याचे पत्र फाइलला लावले की वर्षे सरतात.

जागेचा प्रश्न किती मोठा?

ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलेला निष्कर्ष असा : निसर्गात जो मांसाहारी प्राणी जितका दूरवर फिरतो, तितकी बंदिवासात त्याच्या येरझारा आणि पिल्लांचे मृत्यू अधिक. ध्रुवीय अस्वलाला मिळणारा पिंजरा तर त्याच्या निसर्गातल्या किमान वावरक्षेत्राच्या जेमतेम दहा लाखाव्या भागाएवढा भरला. मुंबईत हा फरक समजायला लांब जावे लागत नाही. बोरिवलीच्या सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे मोकळे फिरतात. राणीच्या बागेत मात्र पिंजरे मोठे करायचे तर जुनी झाडे आड येतात, आणि ती तोडणे हा उपाय होऊ शकत नाही. मग राहतो एकच मार्ग : प्राण्यांच्या जाती कमी ठेवणे आणि जे आहेत त्यांना अधिक जागा देणे. परदेशी प्राणी आणण्याची हौस नेमकी याच्या उलट दिशेने जाते.

भेट देणाऱ्याने काय पाहावे?

प्राणी एकाच रेषेत येरझारा घालतो का, मान सतत डोलावतो का; त्याला माणसांच्या नजरेआड जायला आडोसा आहे का; खाद्य नुसते पुढे टाकले जाते की शोधून खावे लागेल असे ठेवले जाते. उन्हाळ्यात अस्वलांना बर्फात गोठवलेली फळे देतात, ती गारव्याइतकीच या खटपटीसाठी. प्राणी झोपलेला दिसला तर तिकिटाचे पैसे वाया गेले असे समजून काच वाजवणारे प्रत्येक रांगेत असतात. कायद्याच्या कलम ३८-जेनुसार प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे किंवा गोंगाटाने त्रास देणे हा गुन्हा आहे. बाग बुधवारी बंद असते तीही प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस निवांतपणा मिळावा म्हणून. नियमानेच ती सुट्टी सक्तीची आहे.

प्राणी मेल्यास शवविच्छेदन करणे आणि वर्षभरातील जन्म-मृत्यूंची यादी प्राधिकरणाला देणेही बंधनकारक आहे. या वार्षिक याद्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. तीच यादी मराठीत तिकीट खिडकीशेजारी लावायला फारसा खर्च येणार नाही.