ऋतूला गाव असतं

साजगावात घर घेऊन आम्हाला पाच महिने झाले. खोपोलीला खेटून असलेलं हे गाव. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला अजून शिल्लक असलेली भातखाचरं. घर मिळणं सोपं गेलं नाही. दोन ठिकाणी सगळं ठरलं होतं, पण नाव सांगितल्यावर मालकाचा विचार बदलला. तिसऱ्या ठिकाणी जमलं. त्यामुळे नव्या भिंतीत खिळा ठोकतानासुद्धा आम्ही आवाज होणार नाही याची काळजी घेत होतो.

ऑक्टोबरमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि इमारतीतली मुलं दिवाळीचा किल्ला बांधायच्या तयारीला लागली. माझा धाकटा पाचवीत आहे. तो वर येऊन म्हणाला, "अम्मी, या दिवसांत आपण काय करतो?"

मी शिक्षिका आहे. उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवते. तरी उत्तर चटकन सुचलं नाही. याचं कारण आपल्या कॅलेंडरमध्ये आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, सुमारे 354 दिवसांचं. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. 2004 ते 2006 अशी तीन वर्षं दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती. तेव्हा फराळ आणि शीरखुर्मा एकाच ताटात असायचा. तसा योग पुन्हा 2038 च्या सुमारास येईल. 2025 मध्ये मात्र ईद मार्चअखेरीस झाली. म्हणजे आपला सण कोणत्याच ऋतूचा नाही. तो सगळ्या ऋतूंचा आहे. मग शरदात मुसलमान घराने काय करायचं? हात बांधून बसायचं?

मला माझी नानी आठवली. महाडकडची. भात झोडून घरात आलं की ती नव्या तांदळाची नारळाचं दूध घातलेली खीर करायची, त्यावर फातेहा द्यायची आणि पहिली वाटी शेजारच्या घरी पाठवायची. तिला हे कुठल्या किताबात सापडलं नव्हतं. शेतात सापडलं होतं. धर्म तिला नमाज-रोजा देत होता आणि ऋतूचं काय करायचं, ते तिचं गाव सांगत होतं. ती दोन्ही सांभाळत होती आणि दोन्हींत तिची गल्लत कधी झाली नाही.

म्हणून मी मुलाला म्हटलं, "जा, किल्ला बांध. पण कुठला बांधणार ते वाचून ठरव."

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले रायगड आणि खांदेरी आपल्या जिल्ह्यातले. मुलाने खांदेरी निवडला, कारण त्याभोवती पाणी ठेवता येणार होतं! वाचता वाचता त्याला कळलं की 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी आडवे आले. महाराजांच्या आरमारात तेव्हा मायनाक भंडारी होता आणि दौलतखानही होता. "म्हणजे दोन्हीकडे मुसलमान?" त्याने विचारलं. हो, बाळा. लढाई बेटाची होती, समुद्राची होती.

मग विटांचे तुकडे आले, गोणपाट आलं, चाळलेली लाल माती आली. तटावर हळीव पेरला. मोठ्या मुलीने कामट्या आणि पतंगाचा कागद आणून आठ कोनांचा कंदील केला. मी कणकेची खळ शिजवून दिली. काम चालू असताना मी त्यांना शब्द मोजायला लावले. किल्ला, बुरूज, खंदक, कंदील हे शब्द अरबीतून आलेले. दरवाजा फारसी. तोफ तुर्की. उर्दूच्या तासाला रोज भेटणारे हे शब्द मराठी आईच्या तोंडी शेकडो वर्षं इतके रुळलेत की त्यांचं मूळ कुणी विचारत नाही. शब्दांना जे जमलं ते माणसांना का जमू नये?

आक्षेप आले. मामूंचा फोन आला, "हे आपलं नाही. आज किल्ला, उद्या काय?" इमारतीच्या ग्रुपवर एकाने हसरा चेहरा टाकून लिहिलं, "आता किल्लाही हेच बांधणार का?" मला दोन्ही वाक्यं एकच वाटली. एक म्हणतो हे आपलं नाही, दुसरा म्हणतो हे तुमचं नाही. मधल्या मध्ये पोरगं मातीचे हात घेऊन उभं.

मामूंची भीती मला समजते. संख्येने थोडे असलेल्यांना विरघळून जाण्याची धास्ती असतेच. पूजा आणि हस्तकला यांतला फरक मी मुलांना शिकवते. तो शिकवणं माझं काम आहे. पण ज्या मातीत आपण मयत पुरतो, त्या मातीचा किल्ला केल्याने ईमान जात असेल, तर ते ईमान आधीच कच्चं होतं. मामू, नानीची ती खीर तुम्हीही वाटी चाटून खाल्ली आहे.

ग्रुपवरच्या दादांना मी उत्तर दिलं नाही. मुलगा त्यांच्याच मुलाला हाताशी घेऊन खंदकात पाणी सोडत होता. उत्तर तिथे चाललं होतं.

दिवाळी संपली आणि कार्तिकी एकादशीला साजगावच्या विठोबाची यात्रा भरली. इथे सुकी मासळी इतकी येते की लोक देवालाच बोंबल्या विठोबा म्हणतात. देवळाकडे जाणारी रांग वेगळी, माझी वाट वेगळी. पण बाजार एकच. समोरच्या काकूंनी मला सोडे पारखायला शिकवलं. "भाव पहिल्याच दुकानात ठरवू नकोस," म्हणाल्या.

परवा नवा तांदूळ मिळाला. नानीसारखी खीर केली, फातेहा दिला, पहिली वाटी काकूंकडे पाठवली. वाटी संध्याकाळी परत आली. रिकामी नव्हती, चकल्या होत्या.

नवं घर कागदावर आपलं होतं ते रजिस्ट्रेशनच्या दिवशी. खरं आपलं होतं ते अशी वाटी जाऊन परत आल्यावर. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. या दिवसांत आपण किल्ला बांधतो, कंदील करतो, सोडे भरतो आणि नव्या तांदळाची खीर वाटतो. ईद येईल तेव्हा येईल. तोवर ऋतू आपलाही आहे.